खाण चालते कुणाच्या दमावर?

निफाड तालुक्यातल्या विंचूरच्या चौफुलीवर उभे राहिले की दिसतात ते कांद्याचे ट्रॅक्टर, द्राक्षांचे क्रेट आणि येवल्याकडे जाणारी वाहने. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर राज्यात दोन वाइन पार्क आखले गेले, एक सांगलीतल्या पलूसला आणि दुसरे इथे. या गावाचा आणि खाणीचा काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. पायाखालचा रस्ता मात्र कुठल्या तरी डोंगराच्या पोटातून आलेल्या खडीचाच आहे. बागेतली मोटार ज्या विजेवर चालते, तिच्यातला काही वाटा कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करणाऱ्या नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रातून येतो, आणि राज्याच्या कोळशाचा विचार करायचा तर चंद्रपूर, वणी, उमरेड या नावांपाशी यावेच लागते.

निफाडच्या द्राक्षबागायतदाराला खाणकामगाराच्या आरोग्याचा प्रश्न एका उदाहरणाने चटकन कळेल. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची पेटी कुठल्या प्लॉटमधली, त्यावर कुठले औषध कधी फवारले, मण्यात त्याचा अंश किती उरला, याची नोंद शेतमाल निर्यातीचे काम बघणाऱ्या अपेडाच्या ‘ग्रेपनेट’मध्ये असते. पेटी रॉटरडॅमला अडली तरी माग निफाडच्या बांधापर्यंत लागतो. खाणीतल्या धुळीने खराब झालेल्या फुप्फुसाचा असा माग सहसा लागत नाही. माणूस खोकतो तो गावी परतल्यावर, काम सुटून दहा-पंधरा वर्षे झाल्यावर. तोपर्यंत खाणीचे वार्षिक ताळेबंद कधीच बंद झालेले असतात.

खनिजपट्ट्यातल्या लोकांचे आरोग्य आणि तिथला आर्थिक विकास यांच्या नात्याचा विचार करताना हा न लागणारा माग मध्यभागी ठेवावा लागतो. खाणीतून किती टन माल निघाला, किती स्वामित्वधन जमा झाले, किती रोजगार मिळाला हे आकडे वहीत असतात. आजारपणामुळे बुडालेले खाडे, औषधासाठी काढलेले कर्ज, बापाच्या जागी चौदाव्या वर्षी कामाला लागलेला मुलगा हे सारे घराच्या खात्यावर पडते. मग जिल्हा कमावतो की गमावतो, हे कोणत्या वहीत बघायचे?

एका वर्षाच्या आयुष्याची किंमत

अर्थशास्त्रात हा वाद जुना आहे. ब्लूम, कॅनिंग आणि सेव्हिला या तिघांनी २००४ मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासून मांडले, की लोकसंख्येचे सरासरी आयुर्मान एका वर्षाने वाढले तर उत्पादन सुमारे ४ टक्क्यांनी वाढते. निरोगी माणूस जास्त काम करतो, जास्त शिकतो, पुढच्या दिवसांसाठी बचत करतो, असा त्यामागचा तर्क. तीनच वर्षांनी, २००७ मध्ये, अ‍ॅसेमोग्लू आणि जॉन्सन यांनी याला छेद दिला. विसाव्या शतकाच्या मध्यात औषधे आणि फवारणीमुळे आयुर्मान झपाट्याने वाढले, पण त्याबरोबर लोकसंख्याही वाढली आणि दरडोई उत्पन्न तेवढे वाढले नाही, असे त्यांचे म्हणणे.

खनिजपट्ट्यात दोन्ही बाजूंना थोडे-थोडे खरे सापडते. जमीन खाणीखाली गेली आहे, जंगल तोडले आहे, नोकऱ्या मोजक्या आहेत, अशा ठिकाणी माणसे केवळ जास्त जगली म्हणून जिल्हा श्रीमंत होत नाही. उलट, अंगमेहनतीवर चालणाऱ्या कामात शरीर हेच भांडवल असते आणि ते झिजले की दुसरे भांडवल नसते.

शरीराच्या भांडवलाचा सर्वांत जुना धडा खाणींनीच शिकवला आहे. १८८० च्या सुमारास आल्प्स पर्वतातला गोथार्ड बोगदा खणताना कामगार पांढरेफटक पडू लागले, जिने चढताना धापा टाकू लागले. कारण होते आकडीचे जंत, हुकवर्म. उबदार, ओल्या जमिनीत शौचाची सोय नसली की हे जंत अनवाणी पायातून अंगात शिरतात आणि आतड्यात राहून रक्त शोषतात. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या कथिलाच्या खाणीत १९०२ मध्ये जे. एस. हॉल्डेन यांनी तपास केला, तेव्हा ‘खाणकामगारांचा पांडुरोग’ हाच निघाला. जर्मनीच्या रूर खोऱ्यातही तीच साथ. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात १९१० पासून रॉकफेलर आयोगाने जंतनिर्मूलनाची मोहीम चालवली. जिथे जंत जास्त होते तिथली मुले मोहिमेनंतर शाळेत जास्त टिकली आणि मोठेपणी जास्त कमावू लागली, असे होइट ब्लिकली यांनी २००७ च्या अभ्यासात दाखवले. एक स्वस्त गोळी आणि एक संडास यांचा परिणाम एका पिढीनंतर पगारात दिसला.

आपल्याकडे हा विषय संपलेला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. पूर्व विदर्भात त्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाची भर पडते. दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या रुग्णाला उन्हातले कष्ट, पाण्याची कमतरता, थंडी यांनी असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे जाणाऱ्या चंद्रपुरात खुल्या खाणीच्या तळाशी काम करणे अशा माणसाला कसे झेपणार? केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आणि त्यासाठी २०४७ ही मुदत ठेवली. शहडोल हाही कोळशाचाच पट्टा आहे.

जिथे डास मारले, तिथे तांबे निघाले

आरोग्यावर केलेल्या खर्चाने खाणीची अर्थव्यवस्था कशी बदलते, याचे ठसठशीत उदाहरण आजच्या झांबियातले. १९२० च्या दशकात लुआन्श्याच्या रोआन अँटिलोप या तांब्याच्या खाणीवर मजूर टिकत नव्हते. हिवतापाने माणसे मरत, उरलेली पळून जात. नदीत राहणाऱ्या सापाचा कोप आहे, असे लोक सांगत. १९२९ मध्ये कंपनीने लंडनच्या रॉस इन्स्टिट्यूटची मदत घेतली. मलायातल्या रबरमळ्यांत डासांशी झुंजलेले माल्कम वॉटसन तिथे आले. पाणथळ जागा निचरून काढल्या, नदीकाठची झुडपे साफ केली, साचलेल्या पाण्यावर तेल टाकले, घरांना जाळ्या बसवल्या, क्विनाइन वाटले. मृत्यू घटले, बुडणाऱ्या पाळ्या घटल्या, मजूर बायकामुले घेऊन राहू लागले. कंपनीने हे धर्मादाय म्हणून केले नव्हते. तांबे बाहेर काढायचे होते, म्हणून केले.

भारतात या जातीचा प्रयोग सरकारने केला. १९४७ च्या कोळसा खाण कामगार कल्याण निधी कायद्याने कोळशावर उपकर बसवला. त्यातून खाणपट्ट्यात रुग्णालये, हिवताप नियंत्रण, वसाहती, पाणी यांची कामे झाली. पुढे १९७१ ते १९७३ दरम्यान कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे ‘वेकोलि’ उभी राहिली. बल्लारपूर, माजरी, घुग्घूस, वणी भागातल्या कायम कामगाराला चांगला पगार, घर आणि दवाखाना मिळाला. त्याच्या मुलांनी इंजिनिअरिंग केले, नागपूर-पुण्याला घरे घेतली. खनिजपट्ट्यात आरोग्याची हमी मिळालेले कुटुंब एका पिढीत किती वर येते, हे बघायला दूर जायला नको.

हमी मिळालेल्यांच्या पलीकडे काय आहे, ते बघितले की चित्र बदलते. खुल्या खाणीत वरची माती काढणे, डंपर चालवणे, कोळसा वाहणे ही कामे मोठ्या प्रमाणावर कंत्राटदारांकडे गेली. कंत्राटी कामगाराचा मालक बदलतो, गाव बदलते, कागद बदलतात. १९५२ च्या खाण अधिनियमाखाली १९५५ मध्ये झालेल्या नियमांनी कामावर घेताना वैद्यकीय तपासणी आणि पुढे दर पाच वर्षांनी फेरतपासणी घालून दिली. तीन वर्षे एका ठेक्यावर आणि दोन वर्षे दुसऱ्यावर असलेल्या माणसाची पाच वर्षे कुणी मोजायची?

धुळीचा हिशेब

खाणीतला अपघात वर्तमानपत्रात येतो. धनबादजवळच्या चासनालाची दुर्घटना, डिसेंबर १९७५ ची, जवळजवळ पावणेचारशे माणसांना गिळून गेली आणि आजही लोकांना आठवते. धुळीने होणारे मरण सुटे सुटे येते, घरच्या खाटेवर येते आणि बऱ्याचदा ‘टीबी’ या नावाने नोंदले जाते.

सिलिकोसिसची यंत्रणा सोपी आणि क्रूर आहे. दगडातल्या मोकळ्या सिलिकाचा, म्हणजे गारेचा, डोळ्याला न दिसणारा कण श्वासाबरोबर फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातो. शरीराच्या पेशी त्याला खायला जातात आणि स्वतःच मरतात. त्या जागी व्रणाची गाठ बनते. गाठी वाढत जातात, फुप्फुस आवळत जाते. काम सोडले तरी आजार थांबत नाही आणि त्यावर औषध नाही. शिवाय क्षयाचा धोका काही पटींनी वाढतो. कोळशाच्या धुळीने होणारा ‘काळा फुप्फुस’ हा त्याचाच भाऊबंद. भंडारा-नागपूरच्या मँगनीज पट्ट्यासाठी वेगळाच धोका पुस्तकांत नोंदलेला आहे. मँगनीजची भुकटी दळणाऱ्या कामगारांच्या हातापायांत कंप आणि चालण्यात ताठरपणा येतो, हे कूपर या डॉक्टरने १८३७ मध्येच लिहून ठेवले होते.

भारतात सिलिकोसिसची पहिली नोंद १९३४ ची, कोलारच्या सोन्याच्या खाणींतली. १९४० च्या दशकात तिथल्या साडेसात हजारांहून अधिक कामगारांची तपासणी झाली, तेव्हा शेकडा चाळीसहून अधिक कामगारांना हा आजार निघाला. देशाचे सोने ज्या भोकातून वर आले, त्याच भोकातून माणसांचे श्वास खाली गेले होते. कोलार २००१ मध्ये बंद पडले.

नाशिकच्या वाचकासाठी इथे एक महत्त्वाचा तपशील आहे. आपल्या डोंगरांचा काळा पाषाण, बेसाल्ट, राजस्थानच्या वालुकाश्मासारखा नाही. त्यात सिलिका भरपूर असली तरी ती इतर खनिजांत बांधलेली असते, मोकळी गार कमी असते. म्हणून इथल्या क्रशरवरची धूळ सिलिकोसिसच्या बाबतीत करौली किंवा जोधपूरच्या धुळीइतकी घातक मानली जात नाही. पण बेसाल्टच्या पोकळ्यांत गारगोटी, कॅल्सेडनी आणि झिओलाइटचे स्फटिक भरलेले असतात. ज्या स्फटिकांसाठी नाशिकचे नाव जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे, तेच क्रशरच्या जबड्यात दळले जातात. शिवाय कोणतीही बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर जुनाट खोकला आणि दम लागणे ठरलेले. दगड फोडणे हा पिढीजात व्यवसाय असलेली वडार समाजाची कुटुंबे, क्रशरच्या आवारातच पत्र्याच्या खोपट्यात राहणारे परजिल्ह्यातले मजूर, त्यांची धुळीतच खेळणारी मुले यांची तपासणी बेसाल्ट ‘सौम्य’ आहे म्हणून टाळता येत नाही.

धूळ आवरण्याचे तंत्र गूढ नाही. ड्रिलिंग करताना पाण्याची धार सोडणे, क्रशरचा जबडा आणि चाळण झाकणे, धूळ शोषून घेणारे पंखे लावणे, रस्त्यावर पाणी मारणे. तोंडाला बांधलेला रुमाल यात सर्वांत शेवटी येतो, तरी दिसतो तोच.

आठ अब्ज आणि पन्नास अब्ज

सगळ्या खनिजपट्ट्याच्या वतीने दोन्ही वह्या शेजारी ठेवून बघण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला. मायकेल हेन्ड्रिक्स आणि मेलिसा अहर्न यांनी २००९ मध्ये अ‍ॅपलेशिया या कोळसापट्ट्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोळशापासून त्या प्रदेशाला वर्षाला मिळणारा आर्थिक लाभ त्यांनी सुमारे ८ अब्ज डॉलर धरला. उर्वरित देशाच्या तुलनेत तिथे अकाली होणाऱ्या मृत्यूंची किंमत, एका आयुष्याला अर्थशास्त्रज्ञ जे मूल्य लावतात त्या हिशेबाने, सुमारे ५० अब्ज डॉलर निघाली. या पद्धतीवर आक्षेप घेता येतात. आयुष्याचे असे मूल्य म्हणजे खिशातून गेलेले पैसे नव्हेत. त्या भागात गरिबी आणि धूम्रपानही जास्त आहे आणि ते सगळे वेगळे काढणे कठीण आहे. तरीही निम्मा आकडा सोडून दिला, तरी पारडे कुठे झुकते ते दिसते.

गरीब देशांबद्दलचा सर्वांत मोठा अभ्यास आणखी विचार करायला लावतो. फॉन डेर गोल्ट्झ आणि बर्नवाल यांनी २०१९ मध्ये ४४ विकसनशील देशांतल्या सुमारे ८०० खाणींभोवतीची कुटुंबे तपासली. खाणीजवळच्या घरांत वस्तू, पक्क्या भिंती, मालमत्ता वाढलेली आढळली. मात्र जिथे जड धातूंचे प्रदूषण होते, त्या खाणींजवळच्या स्त्रियांमध्ये रक्तक्षय आणि लहान मुलांमध्ये खुरटलेली वाढ जास्त होती. एकाच घरात मोटारसायकल आली आणि मुलाची उंची खुंटली. पहिली गोष्ट आजच्या उत्पन्नात मोजली जाते, दुसरी वीस वर्षांनंतरच्या.

चंद्रपूरला हा हिशेब थेट उद्योगाच्या दारात येऊन भिडला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डिसेंबर २००९ मध्ये देशातल्या ८८ औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले. अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादनंतर चंद्रपूर चौथे आले, १०० पैकी ८३.८८ गुण घेऊन. या परीक्षेत जास्त गुण म्हणजे जास्त नापास. जानेवारी २०१० मध्ये अतिप्रदूषित ठरलेल्या ४३ क्षेत्रांत नव्या प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुऱ्या थांबवण्यात आल्या. लोकांच्या छातीवर पडणारा बोजा अशा रीतीने गुंतवणुकीच्या फाइलवर पडला. जमिनीनेही अधूनमधून हिशेब मागितला आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घूसच्या वस्तीत एक घर पाहता पाहता जुन्या भूमिगत खाणीच्या पोकळीत गेले.

सगळेच खाणीच्या माथी मारणे मात्र बरोबर नाही. चंद्रपूर-यवतमाळच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, ते खडकातूनच येते. गडचिरोलीत हिवताप आहे, तो जंगल आणि पावसामुळे. राज्याच्या २०१२ च्या मानव विकास अहवालात नंदुरबार आणि गडचिरोली तळाला होते, आणि त्या वेळी दोन्हीकडे मोठी खाण नव्हती. म्हणजे गरिबी आणि आजार खाणीच्या आधीपासून होते. खाण येते ती अशा आधीच थकलेल्या लोकसंख्येत. त्यामुळे तिचा फायदा कुणाला मिळेल, हेही आरोग्यच ठरवते. ड्रिल आणि डंपर चालवण्याचे काम बाहेरच्या धडधाकट, प्रशिक्षित तरुणाला मिळते. स्थानिकाला झेंडा दाखवण्याचे किंवा झाडण्याचे.

पैसा होता, वाट वेगळी होती

गोव्याचे उदाहरण यात उलटे वाटते. सत्तरी, डिचोली, सांगे, केपे या तालुक्यांतून वर्षानुवर्षे लोहखनिज निघाले, तरी राज्याचे आरोग्य निर्देशांक देशात वरच्या रांगेत राहिले. कारण दवाखाने, साक्षरता आणि रस्ते ही गोव्याची जमा खाणीवर अवलंबून नव्हती. पण राज्याच्या सरासरीत गावे लपतात. सत्तरीतल्या सोनशीतून रोज शेकडो खनिज ट्रक जात. धूळ आणि पाणी यांच्या तक्रारी घेऊन एप्रिल २०१७ मध्ये गावकरी रस्त्यावर बसले, तेव्हा त्यांतल्या पंचेचाळीस जणांना तुरुंगात जावे लागले. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ परवाने रद्द झाले. ट्रक आणि बार्जवर कर्ज काढलेली घरे अडचणीत आली. जे श्वासाची तक्रार करत होते आणि जे हप्त्याची तक्रार करत होते, ते एकाच गावातले होते. न्यायालयाने २०१४ मध्ये खनिजविक्रीच्या दहा टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला होता, तो पुढच्या पिढ्यांच्या नावाने.

सिंधुदुर्गातल्या कळणे गावाने जुलै २०२१ मध्ये खाणीची किंमत एका सकाळी मोजली. खाणीचा बांध फुटून लाल चिखल घरांत आणि बागायतीत शिरला.

खनिजाच्या पैशातून देशभर निधी उभा करण्याचे काम २०१५ च्या कायदा दुरुस्तीने केले. प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. जुन्या परवानाधारकांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावातून परवाना घेतलेल्यांनी १० टक्के रक्कम त्यात भरायची. पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, महिला-बालकल्याण यांवर किमान ६० टक्के खर्च व्हावा असे ठरले, आणि २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी हा वाटा ७० टक्के केला. चंद्रपूरचे कर्करोग रुग्णालय याच निधीच्या आणि टाटा ट्रस्ट्सच्या सहभागातून उभे राहिले. ही मोठी जमेची बाजू आहे. पण इमारत दिसते, तिचे उद्घाटन होते. धुळीची मोजणी, गावोगावचा एक्स-रे, बाळंतिणीचे हिमोग्लोबिन यांचे उद्घाटन करता येत नाही.

राजस्थानने २०१९ मध्ये न्यूमोकोनिओसिस धोरण काढून वेगळी वाट धरली. कामगाराने नोंदणी करायची, वैद्यकीय मंडळाने तपासायचे, आजार ठरला की ३ लाख रुपये, मृत्यूनंतर कुटुंबाला आणखी २ लाख आणि दरमहा निवृत्तिवेतन. मालक कोण होता हे सिद्ध करण्याचे ओझे आजारी माणसावरून उतरले. ते ओझे किती जड असते, हे मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर-झाबुआच्या आदिवासींना विचारावे. गुजरातेतल्या गोध्र्याच्या गार दळण्याच्या कारखान्यांत जाऊन आलेल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख द्या, असे मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये सांगितले. सर्वोच्च न्यायालयाचा तसा आदेश यायला २०१६ उजाडले. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणकामगारांनी सामूहिक दावा लढवला आणि २०१८ मध्ये सहा कंपन्यांनी ५ अब्ज रँडची तडजोड मान्य केली. त्यात १९६५ पासूनचे कामगार धरले गेले. अर्धशतकापूर्वीची धूळ अखेर कंपन्यांच्या ताळेबंदात आली.

गडचिरोलीची आधीची कमाई

सुरजागडची लोहखाण ज्या गडचिरोली जिल्ह्यात आहे, तिथे याहून वेगळा अनुभव आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवले. १९९५ ते १९९८ या तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांच्या हिशेबात, ६२ टक्क्यांनी घटल्याचे ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे ही पद्धत आशा कार्यकर्तींमार्फत देशभर गेली. या कामाला खाणीचा पैसा लागला नव्हता, मोठे रुग्णालयही लागले नव्हते. लागली होती ती प्रत्येक बाळाची, प्रत्येक मृत्यूची वही.

दारूच्या बाबतीतही या पट्ट्याने अर्थशास्त्र आपल्या परीने मांडले. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूरच्या स्त्रिया डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी निघाल्या. मजुरीच्या पाकिटातला किती भाग घरी येतो, हा त्यांचा प्रश्न होता. कोळशाच्या या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी यशस्वी की अयशस्वी यावर दोन्ही बाजूंनी आकडे मांडले गेले. अवैध दारू वाढली हे एका बाजूचे, घरात शिल्लक उरली हे दुसऱ्या बाजूचे.

आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याचे काय? तिथली कोळसा खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली. त्याच वरोऱ्याच्या वेशीवरच्या खडकाळ माळावर बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांना घेऊन आनंदवन उभारले. गावाने टाकून दिलेल्या, बोटे झडलेल्या माणसांनी विहीर खणली, भाजी पिकवली, यंत्रमाग चालवले. खाण जेवढी वर्षे चालली त्याच्या दुप्पट काळ आनंदवन चालू आहे.

आता या पट्ट्याचा पुढचा अध्याय एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडवर लिहिला जात आहे. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी खाणीवरची वाहने जाळली होती. २०२१ पासून उत्खनन मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आणि २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टनांपर्यंतच्या विस्ताराला मंजुरी मिळाली. कोनसरीला प्रकल्प आला, गडचिरोली ‘पोलाद नगरी’ होणार असे सांगितले जाऊ लागले. आलापल्ली-एटापल्ली रस्त्यावर ट्रकच्या रांगा आणि धूळ आली. स्थानिक तरुणांना पगाराची नोकरी मिळाली, हेही खरे. या डोंगरात शुद्ध खनिजाबरोबर लोह आणि गारेचे पट्टे असलेला दगडही आहे. त्याला खाणीवरची माणसे ‘बीएचक्यू’ म्हणतात, आणि त्यातल्या क्यूचा अर्थ क्वार्टझाइट, म्हणजे मोकळी सिलिका.

सिलिकोसिस सहसा दहा ते वीस वर्षांनी दिसतो. २०२१ मध्ये पंचविशीत ड्रिलवर रुजू झालेला एटापल्लीचा मुलगा २०४१ मध्ये पंचेचाळीस वर्षांचा असेल. त्या वेळी तो कुठल्या ठेकेदाराकडे असेल, की शेतावर परतलेला असेल, सांगता येणार नाही. त्याच्या छातीचा आजचा एक्स-रे कुठल्या कपाटात, कुणाच्या ताब्यात आणि किती वर्षे राहणार, हे मात्र आत्ता ठरवावे लागेल. निफाडच्या पेटीवरच्या चिठ्ठीला माग लावण्यासाठी जेवढे रकाने लागतात, त्याहून जास्त इथे लागणार नाहीत: नाव, गाव, कामाची जागा, तारीख, धुळीचे मोजमाप.